वाटा आणि अटी : अमेरिकेतील मेडिकेड आणि राज्य सरकारे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आजारी गरिबांची जबाबदारी वसाहतकाळापासून स्थानिक सत्तेची मानली गेली. इंग्लंडमधील दारिद्र्यविषयक कायद्यांचा हा वारसा होता आणि त्यानुसार गावे, परगणे, म्हणजे तेथील 'काउंटी', आणि पुढे राज्ये अनाथालये व सार्वजनिक रुग्णालये चालवीत असत. वॉशिंग्टनमधील संघ सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले ते बरेच उशिरा, आणि तेही स्वतः योजना चालवणारी सत्ता म्हणून नव्हे, तर राज्यांच्या खर्चात वाटा उचलून त्या वाट्याला अटी जोडणारी सत्ता म्हणून. त्यामुळे त्या देशातील गरिबांच्या आरोग्यसंरक्षणाचा इतिहास हा वॉशिंग्टनमध्ये झालेल्या कायद्यांचा जेवढा आहे, तेवढाच त्या कायद्यांना ५० राज्यांनी दिलेल्या प्रतिसादांचा आहे. हे प्रतिसाद सरळ होकाराचे वा नकाराचे क्वचितच होते. वाटा घ्यावा, पण अट वळवावी, योजना नाकारावी, पण पैसा मिळवावा, किंवा एके काळी नाकारलेली योजना नाव बदलून स्वीकारावी, असे त्यांचे स्वरूप राहिले.

या व्यवहाराची पहिली मोठी चाचणी १९६० च्या केर-मिल्स कायद्याने झाली. ओक्लाहोमाचे सिनेटर रॉबर्ट केर आणि आर्कान्सॉचे प्रतिनिधी विल्बर मिल्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने, अल्प उत्पन्नाच्या वृद्धांच्या औषधोपचारावर राज्यांनी खर्च केल्यास त्यातील मोठा हिस्सा संघ सरकार देईल, असे ठरवले. योजना सुरू करायची की नाही, कोणाला पात्र ठरवायचे आणि कोणते उपचार द्यायचे, हे मात्र राज्यांवर सोडले. परिणाम लवकरच दिसू लागला. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या मोठ्या व सधन राज्यांनी निधीचा बहुतांश भाग उचलला, आणि ज्या दक्षिणेकडील राज्यांत वृद्धांची गरिबी सर्वाधिक होती, तेथे स्वतःचा हिस्सा भरण्याची ऐपत किंवा इच्छा नसल्याने योजना नावापुरती राहिली किंवा सुरूच झाली नाही. ज्याला देण्याची गरज कमी, त्याला जास्त मिळावे, ही विसंगती योजनेच्या रचनेतच होती, कारण संघाचा पैसा राज्याने आधी स्वतःचा पैसा घातल्याशिवाय हलत नव्हता.

३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स या गावी, माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या उपस्थितीत, ज्या कायद्यावर सही केली, त्याने दोन योजना जन्माला घातल्या. मेडिकेअर ही वृद्धांसाठीची योजना पूर्णपणे संघाची होती, म्हणून तिच्या अटी देशभर एकसारख्या राहिल्या. मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना मात्र केर-मिल्सच्याच पायावर उभी राहिली. राज्याने एक डॉलर खर्च केला की त्यातील ठरावीक भाग संघाने परत करायचा, या पद्धतीला 'मॅचिंग' म्हणजे जुळवणी अनुदान म्हणतात. हा भाग राज्याच्या दरडोई उत्पन्नावर ठरतो. सधन राज्याला किमान ५० टक्के, आणि गरीब राज्याला त्याहून जास्त, कायद्याने ८३ टक्क्यांपर्यंत. मिसिसिपीसारख्या राज्याला मिळणारा संघाचा वाटा गेली अनेक वर्षे ७० टक्क्यांच्या वर राहिला आहे. भारतात केंद्रपुरस्कृत योजनांच्या ६०:४० वाट्याची कल्पना असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल, पण एक फरक लक्षात ठेवायला हवा. मेडिकेडच्या अनुदानाला वरची मर्यादा नाही. राज्य जितके खर्च करील, तितक्या प्रमाणात संघाला द्यावेच लागते. पुढच्या ६० वर्षांतील बहुतेक संघर्ष या एका तरतुदीतून उगवले.

१ जानेवारी १९६६ रोजी हवाई, इलिनॉय, मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, ओक्लाहोमा आणि पेनसिल्व्हेनिया या सहा राज्यांनी योजना सुरू केली. न्यूयॉर्कने त्याच वर्षी जे केले, त्याने वॉशिंग्टन हादरले. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या सरकारने चौघांच्या कुटुंबासाठी पात्रतेची उत्पन्नमर्यादा वार्षिक ६,००० डॉलर ठेवली, आणि त्या मर्यादेनुसार राज्याच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ निम्मे लोक पात्र ठरू शकतील, असे अंदाज पुढे आले. अमेरिकेतील गव्हर्नर हा भारतातील राज्यपालासारखा नामधारी नसून जनतेने थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो, हे येथे सांगायला हवे, कारण या इतिहासात त्याचे निर्णय वारंवार आडवे येतात. मर्यादा नसलेल्या अनुदानाचा अर्थ एका राज्याने एवढा विस्तृत लावल्यावर काँग्रेसने, म्हणजे संघाच्या कायदेमंडळाने, १९६७ मध्येच पात्रतेवर मर्यादा घातली. गरीब कुटुंबांच्या रोख साहाय्याच्या योजनेत राज्य जेवढी रक्कम देते, तिच्या एक-तृतीयांशाहून जास्त वर मेडिकेडची उत्पन्नमर्यादा नेता येणार नाही, असा नियम झाला.

या नियमाने आधीचीच एक गाठ अधिक घट्ट केली. मेडिकेडची पात्रता मुळातच गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या रोख साहाय्याशी, वृद्धत्वाशी किंवा अपंगत्वाशी जोडलेली होती. रोख साहाय्याची पातळी राज्यच ठरवत असे. दक्षिणेकडील राज्यांनी ती अतिशय खाली ठेवली होती, आणि त्यामागे काटकसरीबरोबरच कृष्णवर्णीय शेतमजुरांना स्वस्त श्रमबाजारात टिकवून धरण्याचा जुना हेतूही होता. म्हणून आरोग्यसंरक्षणाची रेषाही त्याच जागी खाली राहिली. मूल नसलेला, अपंग नसलेला गरीब प्रौढ तर कोणत्याच राज्यात या चौकटीत बसत नव्हता. तो कितीही गरीब असला तरी संघाच्या दृष्टीने तो मेडिकेडचा विषय नव्हता, आणि काही राज्यांच्या नंतरच्या प्रयोगांचे अपवाद सोडता ही स्थिती जवळजवळ अर्धशतक टिकली.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एक सोडून सर्व राज्ये योजनेत आली. उरलेले राज्य ॲरिझोना. तेथे गरिबांच्या उपचारांचा खर्च परगणे मालमत्ताकरातून भागवत, आणि संघाच्या अटी स्वीकारण्यापेक्षा तीच व्यवस्था बरी, असे मानणारे लोक विधिमंडळात प्रबळ होते. १९७४ मध्ये सहभागाचा कायदा झाला, पण त्याला पैसा दिला गेला नाही. उपचारांचा खर्च वाढत गेला, मालमत्ताकरावर मर्यादा आली, परगणे डबघाईला येऊ लागले, तेव्हा १ ऑक्टोबर १९८२ पासून ॲरिझोना मेडिकेडमध्ये आले, तेही स्वतःच्या अटींवर. लाभार्थ्यांना ठरावीक मासिक रकमेच्या बदल्यात खासगी वैद्यकीय संस्थांकडे सोपवण्याची तेथील पद्धत तेव्हा अपवाद होती, पुढे ती देशभरातील मेडिकेडचा सर्वसाधारण नियम बनली. १७ वर्षे बाहेर राहिलेल्या राज्याने आत येताना सर्वांना वळण लावले, ही या इतिहासातील लक्षणीय घटना आहे.

त्याच सुमारास रोनाल्ड रेगन यांच्या सरकारने खुल्या अनुदानाला टोपण घालण्याचा पहिला गंभीर प्रयत्न केला. काँग्रेसने ते नाकारले, पण १९८१ च्या कायद्याने तीन वर्षांपुरती संघाच्या वाट्यात ३ ते ४.५ टक्क्यांची कपात केली आणि त्या बदल्यात राज्यांना नियमांतून सूट मिळवण्याचे मार्ग रुंद केले. ही सूट 'वेव्हर' म्हणून ओळखली जाते. तिच्या आधारे राज्याला कायद्यातील ठरावीक तरतुदी बाजूला ठेवून वेगळा प्रयोग करता येतो, मात्र त्यासाठी वॉशिंग्टनमधील आरोग्य विभागाची लेखी मंजुरी लागते. १९८२ मध्ये रेगन यांनी आणखी मोठी अदलाबदल सुचवली. मेडिकेडचा सारा खर्च संघाने घ्यावा आणि रोख साहाय्य व अन्नकुपनांचा भार राज्यांनी उचलावा. गव्हर्नरांशी वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्या. ती अदलाबदल झाली असती, तर मेडिकेड मेडिकेअरसारखी देशभर एकरूप झाली असती, असे मानायला जागा आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काँग्रेसने उलट दिशा पकडली. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना मेडिकेड देणे आधी ऐच्छिक आणि मग सक्तीचे करण्यात आले. बालमृत्यू कमी करण्याचा हेतू चांगला होता, आणि दक्षिणेतील काही गव्हर्नरांनीच त्याचा आग्रह धरला होता, पण एकामागून एक सक्ती आल्यावर राज्यांचे अर्थसंकल्प ताणले गेले. १९८९ मध्ये गव्हर्नरांच्या राष्ट्रीय संघटनेने नव्या सक्ती काही काळ थांबवण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही, तेव्हा राज्यांनी दुसरा उपाय शोधला.

तो उपाय आकड्यांतच नीट समजतो. संघाचा वाटा निम्मा असलेल्या एका राज्यातील रुग्णालयांनी मिळून राज्याच्या तिजोरीत १० कोटी डॉलर कर म्हणून भरले, असे धरू. राज्य त्या १० कोटींत आणखी १० कोटी घालून एकूण २० कोटी त्याच रुग्णालयांना गरीब रुग्णांच्या उपचारांपोटी जादा रक्कम म्हणून देते, आणि हा सारा मेडिकेडचा खर्च असल्याने संघाकडून १० कोटी परत घेते. व्यवहार संपतो तेव्हा रुग्णालयांकडे १० कोटी जास्त असतात, राज्याच्या खिशातून काहीच गेलेले नसते आणि संघाने १० कोटी दिलेले असतात. रुग्णालयांनी कराऐवजी 'देणगी' दिली, तरी गणित तेच. गरीब रुग्णांचा मोठा भार वाहणाऱ्या रुग्णालयांसाठी १९८१ मध्ये जे जादा अनुदान निर्माण झाले होते, त्याचा खर्च या मार्गाने १९९० मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलर होता तो १९९२ मध्ये १७ अब्ज डॉलरच्या वर गेला. न्यू हॅम्पशायरसारख्या छोट्या राज्याने या पैशातून आपल्या अर्थसंकल्पातील तूट बुजवली.

या पद्धतीला लबाडी म्हणणे सोपे आहे आणि वॉशिंग्टनमधील अनेकांनी तसे म्हटलेही. तरी न्याय्य निवाडा असा करावा लागेल की, संघाने खर्चाची सक्ती केली, पण मंदीच्या काळात राज्यांचा महसूल आटतो तेव्हाच गरिबांची संख्या वाढते, या रचनेतील दोषावर उपाय दिला नाही, आणि राज्यांनी तो स्वतः काढला. १९९१ च्या कायद्याने देणग्या जवळजवळ बंद केल्या आणि कर सर्व रुग्णालयांवर समान असावा, भरलेले पैसे त्याच रुग्णालयाला परत मिळण्याची हमी नसावी, अशा अटी घातल्या. पुढे नियमाने एक सुरक्षित मर्यादा ठरली, ती रुग्णालयाच्या रुग्णसेवेतील निव्वळ उत्पन्नाच्या ६ टक्क्यांची. त्या मर्यादेत राहून रुग्णालये वा इतर आरोग्यसेवा संस्थांवर असा कर आज अलास्का वगळता सर्व राज्ये लावतात. ज्या व्यवस्थेला पळवाट म्हणून सुरुवात झाली, ती मेडिकेडच्या अर्थकारणाचा खांब बनली.

वेव्हरच्या मार्गाने गेलेल्या राज्यांत ओरेगॉनचा प्रयोग सर्वांत विचारप्रवर्तक होता. १९८७ मध्ये तेथील विधिमंडळाने अवयव व अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च देणे बंद करून तो पैसा गरोदर स्त्रियांच्या तपासणीकडे वळवला. त्याच वर्षी ल्युकेमिया झालेला सात वर्षांचा एक मुलगा अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा खर्च न मिळाल्याने, कुटुंब वर्गणी गोळा करीत असतानाच मरण पावला, आणि राज्याला आपल्या निर्णयाचा अर्थ उघडपणे तपासावा लागला. राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष जॉन किट्झाबर हे स्वतः आपत्कालीन विभागात काम केलेले डॉक्टर होते. त्यांनी मांडलेला प्रश्न असा की, राज्ये कोणाला सेवा द्यायची यावर कात्री लावतात, म्हणजे माणसे वगळतात. त्याऐवजी सर्व गरिबांना सामावून घेऊन कोणते उपचार द्यायचे यावर मर्यादा का घालू नये? १९८९ च्या कायद्यानुसार नेमलेल्या आयोगाने राज्यभर जनसभा घेतल्या आणि आजार व त्यांवरील उपचार यांच्या जोड्यांची अग्रक्रमाने यादी केली. केवळ खर्च आणि लाभ यांच्या सूत्रावर तयार केलेली पहिली यादी अपयशी ठरली. तीत दाताला टोपी बसवण्याचा क्रम अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर लागला होता, आणि ती मागे घ्यावी लागली. सुधारलेली यादी १९९२ मध्ये थोरले जॉर्ज बुश यांच्या सरकारने अपंगांच्या हक्कांच्या कायद्याचा आधार देऊन फेटाळली, आणि बिल क्लिंटन यांच्या सरकारने काही बदलांनंतर मान्य केली. फेब्रुवारी १९९४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा यादीत ६९६ नोंदी होत्या आणि राज्य पहिल्या ५६५ नोंदींचा खर्च देणार होते. ५६६ व्या नोंदीपासून पुढे कोणालाच काही मिळणार नव्हते. टीकाकारांनी याला उपचारांचे रेशनिंग म्हटले, आणि ते खरेही होते. ओरेगॉनचे वेगळेपण हे की तेथे रेशनिंग जाहीर यादीत होते. इतरत्र ते पात्रतेच्या रेषेआड चालत होते.

टेनेसीने त्याच वर्षाच्या जानेवारीत दुसरे टोक गाठले आणि टेनकेअर या नावाने विमा नसलेल्या लाखो लोकांना आत घेतले. खर्च आवरेना, तेव्हा २००५ मध्ये गव्हर्नर फिल ब्रेडेसन यांच्या सरकारने सुमारे १ लाख ७० हजार प्रौढांना योजनेतून काढले. मधल्या काळात १९९७ च्या मुलांच्या विम्याच्या कायद्याला राज्यांचा प्रतिसाद मात्र जवळजवळ एकमुखी होता. संघाचा वाटा मेडिकेडहून जास्त होता आणि योजना स्वतःच्या नावाने चालवण्याची मुभा होती, त्यामुळे तीन वर्षांत सर्व राज्ये आली.

मॅसॅच्युसेट्सचा २००६ चा कायदा बहुधा राज्याच्या उपक्रमशीलतेचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण त्यामागेही वॉशिंग्टनच्या पैशाचे मोजमाप होते. राज्याला विमा नसलेल्यांच्या उपचारांसाठी वेव्हरखाली मिळणारे वर्षाला सुमारे ३८ कोटी ५० लाख डॉलर बंद होण्याच्या बेतात होते, आणि हा पैसा रुग्णालयांना देण्याऐवजी लोकांना विमा देण्यासाठी वापरला तर तो चालू राहील, अशी तडजोड झाली. रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी आणि डेमोक्रॅटिक विधिमंडळ यांनी मिळून प्रत्येकाला विमा घेण्याची सक्ती, अल्प उत्पन्नाच्या लोकांना अनुदान आणि विमा खरेदीसाठी राज्याचा बाजार, अशी त्रिसूत्री उभी केली. चार वर्षांनी तीच राष्ट्रीय कायद्याचा आराखडा झाली.

२३ मार्च २०१० रोजी बराक ओबामा यांनी सही केलेल्या 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'ने मेडिकेडची मूळ चौकट मोडली. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेला प्रत्येक प्रौढ, मूल असो वा नसो, पात्र ठरणार होता. या नव्या लाभार्थ्यांचा पहिल्या तीन वर्षांचा सारा खर्च संघ देणार होता आणि २०२० पासून ९० टक्के. राज्य या विस्तारात न आल्यास त्याचे जुने मेडिकेडचे अनुदानही धोक्यात येणार होते. फ्लोरिडाच्या पुढाकाराने त्याच दिवशी दावा दाखल झाला आणि पुढे त्यात २६ राज्ये सामील झाली. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा टिकवला, पण जुने अनुदान काढून घेण्याची धमकी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने घटनाबाह्य ठरवली. मद्यपानाचे वय न वाढवणाऱ्या राज्याच्या महामार्ग-निधीतून ५ टक्के कापणे न्यायालयाने १९८७ मध्ये सौम्य दडपण मानले होते. मेडिकेड हा मात्र राज्याच्या एकूण खर्चाचा पाचव्या हिश्शाहून मोठा भाग, आणि तो पणाला लावणे म्हणजे डोक्याला बंदूक लावणे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी म्हटले. या निकालाने विस्तार ऐच्छिक झाला आणि निर्णय ५० राजधान्यांत गेला.

कायद्याच्या रचनाकारांनी ही शक्यता गृहीतच धरली नव्हती, म्हणून निकालातून एक विचित्र पोकळी निर्माण झाली. खासगी विम्याच्या हप्त्यासाठी मिळणारे संघाचे अनुदान दारिद्र्यरेषेच्या वरच्या लोकांना होते, कारण त्याखालच्यांना मेडिकेड मिळेल, असे मानले होते. विस्तार नाकारणाऱ्या राज्यात दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या माणसाला मदत मिळू लागली आणि तिच्याखालच्या माणसाला दोन्हीकडून काहीच नाही. टेक्सारकाना हे शहर आर्कान्सॉ आणि टेक्सास यांच्या सीमेवर वसलेले आहे, आणि 'स्टेट लाइन ॲव्हेन्यू' या रस्त्याने त्याचे दोन भाग पडतात. २०१४ पासून त्या रस्त्याच्या पूर्वेला राहणारा, मूल नसलेला गरीब प्रौढ मेडिकेडला पात्र आहे आणि पश्चिमेला राहणारा नाही. आजार तोच, उत्पन्न तेच, शहरही एकच.

होकार देणाऱ्या राज्यांतील राजकारण पक्षाच्या रेषेवर पूर्ण बसत नाही. ॲरिझोनाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअर कायद्याच्या कट्टर विरोधक होत्या आणि त्यांचे राज्य दाव्यातही होते. तरी २०१३ मध्ये विस्तार मंजूर होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही विधेयकावर सही करणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली, विधेयके परत पाठवली आणि जून महिन्यात मंजुरी मिळवली. राज्याचा हिस्सा रुग्णालयांवरील आकारणीतून उभा केला. ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक यांना विधिमंडळाचा पाठिंबा मिळेना, तेव्हा संघाचा निधी खर्च करण्याची परवानगी देणाऱ्या सात सदस्यांच्या नियंत्रण मंडळाकडून त्यांनी पाच विरुद्ध दोन मतांनी मार्ग काढला. आर्कान्सॉमध्ये डेमोक्रॅटिक गव्हर्नर माइक बीब आणि रिपब्लिकन विधिमंडळ यांनी मेडिकेडच्या पैशातून लाभार्थ्यांना खासगी विमा घेऊन देण्याची योजना केली, कारण त्या राज्यात निधीच्या मंजुरीला दोन्ही सभागृहांत तीन-चतुर्थांश मते लागतात आणि 'ओबामांची योजना' या नावाने ती मिळणे अशक्य होते.

जेथे विधिमंडळ किंवा गव्हर्नर बधेना, तेथे मतदारांनी जनमताने निर्णय घेतला. मेनमध्ये गव्हर्नर पॉल लपेज यांनी विस्ताराची विधेयके पाच वेळा नाकारली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील मतदारांनी विस्तार मंजूर केला, तरी तो अमलात आला गव्हर्नर बदलल्यावर, जानेवारी २०१९ मध्ये. २०१८ मध्ये आयडाहो, नेब्रास्का आणि युटा, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिसुरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा अशी मतपेटीतून आलेली राज्ये बहुतेक रिपब्लिकन पक्षाचे बालेकिल्ले आहेत. मिसुरीच्या विधिमंडळाने निकालानंतरही पैसा देण्याचे नाकारले आणि २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला. नॉर्थ कॅरोलिना १ डिसेंबर २०२३ रोजी आले आणि विस्तार स्वीकारलेल्या राज्यांची संख्या ४० झाली. तेथील कायद्यातच अशी तरतूद आहे की संघाचा वाटा ९० टक्क्यांखाली गेल्यास विस्तार आपोआप रद्द होईल. इतर काही राज्यांतही अशी कलमे आहेत. वॉशिंग्टनवरील अविश्वास त्यांनी थेट कायद्यात लिहून ठेवला आहे.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात अटींची दिशा बदलली. २०१७ मध्ये विमा कंपन्यांना दिली जाणारी एक भरपाई अचानक बंद झाली, तेव्हा अनेक राज्यांनी कंपन्यांना तो सारा बोजा मध्यम श्रेणीच्या, म्हणजे 'सिल्व्हर' योजनांच्या हप्त्यावर टाकू दिला. संघाचे अनुदान त्याच हप्त्यावरून मोजले जात असल्याने ते वाढले आणि अल्प उत्पन्नाच्या ग्राहकांचे नुकसान टळले. विमा न घेतल्याचा राष्ट्रीय दंड २०१९ पासून शून्य झाला, तेव्हा न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंड यांनी स्वतःचा दंड लावला. आर्कान्सॉ मात्र वॉशिंग्टनच्या नव्या परवानगीचा लाभ घेऊन पुढे गेले आणि जून २०१८ पासून मेडिकेडच्या लाभार्थ्यांना दरमहा ८० तास काम केल्याची नोंद देण्याची अट लागू करणारे पहिले राज्य ठरले.

या अटीची अंमलबजावणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. नोंद सुरुवातीला केवळ संगणकीय संकेतस्थळावर करायची होती, आणि ते संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. दिवसा पाळीवर असणाऱ्या, घरी इंटरनेट नसणाऱ्या मजुराने आपण काम करतो हे सिद्ध करायचे ते नेमक्या त्याच्या कामाच्या वेळेत. तीन महिने नोंद चुकली की वर्षाच्या अखेरीपर्यंत संरक्षण बंद. डिसेंबरपर्यंत १८,००० हून अधिक लोक योजनेबाहेर पडले. मार्च २०१९ मध्ये संघाच्या न्यायालयाने ही मंजुरी रद्द केली. नंतरच्या अभ्यासात रोजगार वाढल्याचे आढळले नाही, कारण अट लागू असलेले बहुतांश लोक आधीच काम करीत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. जॉर्जियाने जुलै २०२३ पासून अशाच अटीवर मर्यादित विस्तार सुरू केला. पहिल्या वर्षी २५,००० लोक येतील असा राज्याचा अंदाज होता, आले साडेचार हजारांहून कमी.

कोविडच्या साथीत उलट प्रयोग घडला. मार्च २०२० च्या कायद्याने संघाचा वाटा ६.२ टक्केबिंदूंनी वाढवला आणि त्या बदल्यात एकच अट घातली, साथ चालू आहे तोवर कोणालाही योजनेतून काढायचे नाही. सर्व राज्यांनी, विस्तार नाकारणाऱ्यांनीही, ती मान्य केली आणि सुमारे ७ कोटी १० लाखांची नोंदणी २०२३ पर्यंत सुमारे ९ कोटी ४० लाखांवर गेली. एप्रिल २०२३ पासून पुन्हा पडताळणी सुरू झाली, तेव्हा जवळजवळ अडीच कोटी लोक बाहेर काढले गेले, आणि त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश लोक अपात्र ठरल्यामुळे नव्हे, तर अर्ज, पत्ता वा कागदपत्रे यांच्या त्रुटींमुळे गेले. आर्कान्सॉने हे काम सहा महिन्यांत उरकले. ओरेगॉनने मुलांना सहाव्या वाढदिवसापर्यंत पडताळणीतून मुक्त ठेवण्याची परवानगी आधीच मिळवली होती. नियम एकच असताना निकाल इतके भिन्न येतात, तेव्हा अर्जाचा नमुना, दूरध्वनीवरील प्रतीक्षा आणि पत्र पाठवण्याची मुदत यांनाही धोरण म्हणावे लागते.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने हे सारे धागे एकत्र आणले. आर्कान्सॉत न्यायालयाने थांबवलेली महिन्याला ८० तासांची अट विस्तारातील प्रौढांसाठी देशव्यापी झाली, त्यांची पडताळणी वर्षातून दोनदा होणार आहे, आणि विस्तार स्वीकारलेल्या राज्यांसाठी रुग्णालयांवरील कराची ६ टक्क्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने ३.५ टक्क्यांवर येणार आहे. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे १ कोटीने वाढेल. राज्यांचे हात त्याआधीच आखडू लागले होते. स्वतःच्या पैशातून स्थलांतरितांना संरक्षण देणाऱ्या कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि मिनेसोटा यांनी त्याच वर्षी त्या योजना गोठवण्याचे किंवा प्रौढांसाठी बंद करण्याचे ठरवले.

कामाची अट १ जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायची आहे आणि तिच्यासाठी राज्यांना नव्या संगणक प्रणाली उभाराव्या लागत आहेत. टेक्सास, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, टेनेसी, कॅन्सस आणि वायोमिंग या आठ राज्यांना हे काम करावे लागणार नाही, कारण ज्या प्रौढांना ही अट आहे, त्यांना तेथे मुळात संरक्षणच नाही.